देशाच्या अन्नसाखळीचे उत्सर्जन १९९० पासून घटले की वाढले, हे नेमके कशावरून ठरवावे?

आलेखवाचक यांचा प्रश्न

नमस्कार. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मी एक टिपण लिहीत आहे. अन्न पिकवण्यापासून ते साठवण, प्रक्रिया, वाहतूक, विक्री, स्वयंपाक आणि उरलेले टाकून देणे इथपर्यंतच्या सगळ्या टप्प्यांवर एखाद्या देशातून किती हरितगृह वायू बाहेर पडतात आणि १९९० पासून त्यात काय फरक पडत गेला, हे विद्यार्थ्यांना एका आलेखावरून समजावे, असा हेतू आहे. मात्र आकडे हाती घेतले की ते एकमेकांशी जुळत नाहीत. जगाच्या एकूण उत्सर्जनात अन्नव्यवस्थेचा वाटा एका ठिकाणी २६ टक्के दिलेला आहे, दुसरीकडे ३१, तिसरीकडे ३४, आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञ मंडळाच्या २०१९ च्या जमीनविषयक विशेष अहवालात तर २१ ते ३७ टक्के इतका रुंद पल्ला आहे. देशांनी हवामान करारानुसार सादर केलेल्या नोंदी पाहिल्या, तर त्यांत शेतीचा विभाग सापडतो, पण अन्नाचा असा विभाग कुठेच नाही. शिवाय जागतिक आकड्यांत अन्नव्यवस्थेचा टक्क्यांतील वाटा उतरत गेलेला आणि टनांतील आकडा चढत गेलेला दिसतो. विद्यार्थ्यांना यातले काय सांगावे? आणि एखाद्या देशाची रेषा खाली आलेली दिसली, तर त्या देशाने खरोखर काही साध्य केले, असे मानता येईल का?

नोंदवही यांचे उत्तर

आपला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, पण आधीच्या शंका सुटल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही.

२६, ३१ आणि ३४ यांपैकी कोणताच आकडा खोटा नाही. साखळी कुठे संपते असे मानले, कोणते वर्ष घेतले आणि शेतमालातले काय काय अन्न म्हणून मोजले, यावर हे अंतर पडले आहे. २६ टक्क्यांचा आकडा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पूर आणि नेमेचेक या संशोधकांच्या अभ्यासातला आहे. त्यांनी ११९ देशांतील सुमारे ३८,००० शेतांची माहिती एकत्र केली आणि मोजणी किरकोळ विक्रीच्या दुकानापाशी थांबवली. ग्राहकाच्या घरातला स्वयंपाक आणि घरातून फेकले जाणारे अन्न त्यात येत नाही. ३४ टक्के हा आकडा क्रिपा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडला. त्यात २०१५ हे वर्ष घेतले आहे, घरातला स्वयंपाक आणि कचऱ्याची विल्हेवाट धरली आहे, आणि शेतीतून येणारा काही बिगरखाद्य मालही त्यात मिसळलेला आहे. ३१ टक्के हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०१९ या वर्षासाठीचा हिशेब आहे. त्यामुळे एका अभ्यासातले १९९० आणि दुसऱ्यातले २०१९ घेऊन त्यांच्यात रेषा ओढणे पूर्णपणे चुकीचे ठरते.

वाटा घसरतो आणि टन वाढतात, यात विसंगती नाही. क्रिपा यांच्या हिशेबात १९९० मध्ये अन्नव्यवस्थेचे उत्सर्जन सुमारे १६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सममूल्य (म्हणजे सर्व वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून) होते आणि एकूण उत्सर्जनाच्या ४४ टक्के होते. २०१५ मध्ये ते १८ अब्ज टन झाले, पण वाटा ३४ टक्क्यांवर आला. या पंचवीस वर्षांत वीज, उद्योग आणि वाहने यांचे उत्सर्जन अन्नापेक्षा कितीतरी वेगाने वाढले, म्हणून अन्नाचा वाटा लहान झाला. माझे स्पष्ट मत असे आहे की टिपणात टक्केवारीचा आलेख देऊच नये. शेजारच्या क्षेत्राने जास्त धूर सोडला म्हणून एखादे क्षेत्र सुधारल्यासारखे दिसावे, हे विद्यार्थ्याला चुकीची दिशा दाखवणारे आहे.

आता शासकीय नोंदींत अन्न का सापडत नाही, याविषयी. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक पद्धतीत चार मोठे विभाग आहेत : ऊर्जा, औद्योगिक प्रक्रिया व उत्पादनांचा वापर, शेती-वने-जमीन, आणि कचरा. ही विभागणी उत्सर्जन कोणत्या क्रियेतून झाले यावर केलेली आहे. ते कोणत्या गरजेसाठी झाले, हा प्रश्न ती विचारतच नाही. त्यामुळे ट्रॅक्टरचे डिझेल ऊर्जा विभागात जाते, खतासाठी अमोनिया बनवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड उद्योगात जातो, तेच खत शेतात पडल्यावर निघणारा नायट्रस ऑक्साइड शेतीत येतो, शीतगृहातून गळणारा वायू पुन्हा उत्पादनांच्या वापरात जातो आणि कुजणाऱ्या अन्नाचा मिथेन कचऱ्यात. परदेशातून धान्य आणणाऱ्या जहाजाचे इंधन तर कोणत्याच देशाच्या बेरजेत धरले जात नाही. आंतरराष्ट्रीय जलवाहतूक आणि हवाई वाहतूक यांचे इंधन केवळ माहितीसाठी वेगळे नोंदवले जाते. अन्नसाखळीची बेरीज करणाऱ्याला हे सर्व तुकडे वेचून एकत्र आणावे लागतात, आणि अनेक ठिकाणी वाटणी अंदाजाने करावी लागते. मालमोटारींच्या एकूण डिझेलपैकी अन्नासाठी किती जळले, याची पावती कुठेही फाडलेली नसते.

तरीही ही वेचणी केलीच पाहिजे, कारण बदल नेमका तिथे घडत आहे. अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबानुसार शेताच्या आधीचे आणि शेतानंतरचे टप्पे, म्हणजे खतनिर्मिती, प्रक्रिया, वेष्टन, वाहतूक, शीतकरण, विक्री, घरगुती वापर आणि कचरा, यांचे उत्सर्जन १९९० ते २०१९ या काळात जवळपास दुप्पट होऊन ५.८ अब्ज टनांवर गेले. त्याच काळात जंगलतोडीसारख्या भूवापर बदलांचे उत्सर्जन कमी झाले. केवळ शेतीचा विभाग पाहणाऱ्याला अन्नसाखळीतली ही सर्वांत वेगाने वाढणारी बाजू दिसतच नाही.

मृदाकण यांचे उत्तर

नोंदवही यांनी सीमांचा प्रश्न नीट मांडला आहे. मी शेताच्या आतल्या आकड्यांविषयी लिहितो, कारण तिथे एक वेगळाच धोका आहे : प्रत्यक्षात काहीही न बदलता आलेख हलतो, आणि प्रत्यक्षात पुष्कळ बदलूनही आलेख जागचा हलत नाही.

पहिल्या प्रकारचे कारण म्हणजे सममूल्याचे गुणांक. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांचे टन कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणण्यासाठी शंभर वर्षांची तापमानवाढ क्षमता वापरतात, म्हणजे त्या काळात एक टन वायू एक टन कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो गुणांक, आणि तो आयपीसीसीच्या प्रत्येक मूल्यांकनात सुधारला गेला आहे. मिथेनसाठी दुसऱ्या मूल्यांकन अहवालात तो २१ होता, चौथ्यात २५ झाला, पाचव्यात २८. नायट्रस ऑक्साइडसाठी मात्र तो ३१० वरून २९८ आणि पुढे २६५ असा उतरला. याचा परिणाम पाहा. एखाद्या देशातून वर्षाला दहा लाख टन मिथेन बाहेर पडत असेल आणि त्यात कणभरही फरक पडला नसेल, तरी जुन्या अहवालात २ कोटी १० लाख टन आणि नव्या अहवालात २ कोटी ८० लाख टन असा आकडा छापला जातो. गुरे आणि भातशेती जास्त असलेला देश बिघडल्यासारखा दिसतो आणि रासायनिक खत जास्त वापरणारा देश सुधारल्यासारखा. तसेच खतातील नत्राचे जे प्रमाण थेट नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने निसटते, ते १९९६ च्या मार्गदर्शक पद्धतीत १.२५ टक्के धरले होते आणि २००६ च्या पद्धतीत १ टक्का. म्हणजे गुणांक बदलताच तेवढ्याच खताचे थेट उत्सर्जन एका पंचमांशाने कमी दिसू लागले. देशांनी नवी पद्धत स्वीकारली की मागील सर्व वर्षांचे आकडे त्याच पद्धतीने पुन्हा काढणे अपेक्षित असते, म्हणून एका सादरीकरणातील मालिका आतून सुसंगत असते. धोका दोन वेगवेगळ्या वर्षांच्या अहवालांतील आकडे जोडण्यात आहे.

दुसरा प्रकार मला अधिक अस्वस्थ करतो. गुरांच्या मिथेनसाठी सर्वांत सोप्या पद्धतीत जनावरांची संख्या घेऊन तिला एका ठरावीक गुणांकाने गुणतात. शेतकऱ्याने चारा सुधारला, वासरांची मरतूक कमी केली किंवा एका लिटर दुधामागचा मिथेन घटवला, तरी जनावरांची संख्या तेवढीच राहिल्यास या हिशेबात काहीही उमटत नाही. भाताचेही तसेच आहे. खाचरात सतत पाणी उभे असते असे धरले, तर मिथेनचा एक आकडा येतो. हंगामात एकदा पाण्याचा निचरा केल्यास २००६ च्या पद्धतीप्रमाणे त्या आकड्याला ०.६० ने आणि अनेकदा निचरा केल्यास ०.५२ ने गुणायचे असते. निचऱ्यामुळे नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो हे खरे, पण मिथेनमधली घट मोठी असते. मात्र कोणत्या भागात किती खाचरांचा निचरा होतो याची पाहणीच झाली नसेल, तर शेतकऱ्यांचे हे कष्ट राष्ट्रीय आकड्यात शून्य ठरतात. मापनात सुधारणा करणे हे केवळ आकडेमोडीचे काम नाही. ज्यांनी खरोखर बदल केला त्यांच्या पदरात त्याचे श्रेय पडावे, यासाठीही ते आवश्यक आहे.

आपल्या टिपणासाठी माझी विनंती अशी की सममूल्याचा एकच स्तंभ न देता तीन वायूंचे टन वेगवेगळे दाखवावेत. मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षे टिकतो, त्यामुळे त्याचे वार्षिक उत्सर्जन कमी झाल्यास त्यामुळे होणारी तापमानवाढ काही दशकांत उतरू लागते. कार्बन डायऑक्साइड मात्र साचत जातो. त्याचे उत्सर्जन कमी केले तरी शून्यावर येईपर्यंत साठ्यात भर पडतच राहते. मिथेन घटला आणि कार्बन डायऑक्साइड तेवढाच वाढला, तर सममूल्याची रेषा सपाट दिसेल, पण पुढच्या पन्नास वर्षांचे तापमान सारखे राहणार नाही.

शीतसाखळी_अभियंता यांचे उत्तर

वर शीतगृहातल्या वायूचा उल्लेख आला आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते, कारण १९९० पासूनच्या कोणत्याही आलेखात ही रेषा जवळजवळ शून्यातून उभी चढलेली दिसते आणि वाचणाऱ्याचा हमखास गैरसमज होतो.

हवामान करारानुसारच्या नोंदींत मॉन्ट्रियल करारात आधीच समाविष्ट असलेले वायू, म्हणजे सीएफसी आणि एचसीएफसी, मोजले जात नाहीत. ते ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या त्या करारात गेले आणि हवामानाच्या बेरजेत आलेच नाहीत. मात्र त्यांच्या जागी आलेले एचएफसी वायू मोजले जातात. आता चौथ्या मूल्यांकनातील गुणांक लावून पाहू. पूर्वी शीतपेट्यांत असलेल्या सीएफसी-१२ ची तापमानवाढ क्षमता १०,९०० होती. त्याच्या जागी आलेल्या एचएफसी-१३४ए ची १,४३० आहे. म्हणजे किलोमागे हवामानावरचा भार साताठ पटींनी उतरला. तरीही राष्ट्रीय नोंदीत हा बदल शून्यापासून १,४३० पर्यंतची वाढ म्हणून उमटतो. याउलट, जिथे आर-२२ हा एचसीएफसी वायू जाऊन आर-४०४ए हे एचएफसी वायूंचे मिश्रण आले, तिथे क्षमता १,८१० वरून ३,९२२ झाली, म्हणजे ती वाढ खरी होती. नोंदीतली रेषा दोन्ही ठिकाणी वरच जाते. एका ठिकाणी वस्तुस्थिती सुधारलेली असते आणि दुसऱ्या ठिकाणी बिघडलेली. मॉन्ट्रियल करारातील २०१६ च्या किगाली दुरुस्तीने एचएफसीही टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले आहे आणि मोठ्या शीतगृहांत अमोनिया, तसेच दुकानांच्या यंत्रणांत कार्बन डायऑक्साइड हाच शीतकारक म्हणून वापरणे शक्य आहे, हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे पुढे ही रेषा उतरू लागल्यास ती घट मात्र बहुतांशी खरी असेल.

शीतकरणाचा विजेचा भाग वेगळा पाहावा. देशाच्या वीजनिर्मितीत कोळसा कमी झाला, तर शीतगृहाने एकही यंत्र न बदलता त्याचे उत्सर्जन घटते. ती घट खरीच आहे, पण तिचे श्रेय वीज क्षेत्राचे आहे. युनिटमागचे उत्सर्जन आणि वापरलेली युनिटे असे दोन आकडे स्वतंत्र दिल्यास हे लगेच स्पष्ट होते.

आलेखवाचक यांचा पुढील प्रश्न

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन वायू वेगळे दाखवण्याची सूचना मी स्वीकारत आहे. एक शंका उरते. देशाने धान्य, तेल किंवा मांस देशात पिकवणे कमी करून बाहेरून आणायला सुरुवात केली, तर त्याची शेतीची रेषा खाली येईल. अशा वेळी घट झाली असे म्हणावे का?

सीमापार यांचे उत्तर

म्हणू नये, निदान तेवढ्यावरून तरी नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरचे आहे. १९९१ नंतर त्या प्रदेशात पशुधनाची संख्या झपाट्याने कोसळली, खतांचा वापर घटला आणि कोट्यवधी हेक्टर शेतजमीन पडीक झाली. गुरांचा मिथेन आणि जमिनीचा नायट्रस ऑक्साइड कमी झाला, पडीक जमिनीवर गवत आणि झाडे वाढून मातीत कार्बन साठू लागला, आणि नोंदींत मोठी घट दिसली. पण त्याच वेळी रशियात मांसाची आयात वाढली, म्हणजे ते मांस तयार होतानाचे उत्सर्जन दुसऱ्या देशांच्या वहीत चढले. लोकांचे मांस खाणेही त्या कठीण वर्षांत कमी झाले होते, त्यामुळे घटीचा काही भाग खरा होता, पण तो धोरणाने मिळवलेला नव्हता. लोकांच्या हालअपेष्टांतून आलेला होता. एकाच उतरत्या रेषेत आर्थिक पडझड, आयात आणि मातीतला कार्बन या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून देशाच्या हद्दीतील उत्सर्जनाबरोबर उपभोगावर आधारित हिशेबही मांडावा : हद्दीतील उत्सर्जनातून निर्यातीचे वजा करायचे आणि आयातीचे मिळवायचे. पशुखाद्य विसरू नये. देशात वाढवलेल्या कोंबडीने परदेशातील सोयाबीन खाल्ले असेल आणि ते सोयाबीन नव्याने तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवर आले असेल, तर कोंबडीचे बरेचसे उत्सर्जन कोंबडीच्या देशात कुठेच दिसत नाही. युरियाचेही असेच विचित्र आहे. युरिया बनवताना कारखान्यात पकडलेला कार्बन डायऑक्साइड शेतात टाकल्यावर सुटतो, टनामागे साधारण ०.७३ टन, तो खत वापरणाऱ्या देशाच्या वहीत येतो, तर अमोनिया बनवतानाचे बाकीचे उत्सर्जन कारखान्याच्या देशात राहते.

नोंदवही यांचे उत्तर

सीमापार यांच्याशी मी सहमत आहे, तरी एक सावधगिरी नोंदवतो. उपभोगाचा हिशेब हा व्यापाराच्या तक्त्यांवर आणि सरासरी गुणांकांवर उभा असतो. आयात केलेले सोयाबीन जुन्या शेतातले होते की नव्या तोडीचे, हे बहुतेक वेळा गोदामातून कळत नाही, आणि त्या एका गृहीतकावर टनामागचा आकडा कित्येक पटींनी हलतो. जंगलतोडीचे उत्सर्जन सहसा पुढच्या वीस वर्षांच्या पिकांवर समान वाटून लावतात. ही वीस वर्षे हा संकेत आहे, निसर्गाचा नियम नव्हे. तोड थांबल्यानंतरही त्या जमिनीचे पीक वीस वर्षे हा बोजा वाहते आणि एकविसाव्या वर्षी अचानक हलके होते. अशी पायरी आलेखात आली, तर ती त्या वर्षीची प्रगती मानू नये. म्हणूनच जबाबदारी कोणाची हे ठरवण्यासाठी उपभोगाची रेषा द्यावी आणि वर्षावर्षातील फरक तपासण्यासाठी हद्दीतील रेषा वापरावी, असे मला वाटते.

आलेखवाचक यांचा पुढील प्रश्न

मग प्रत्यक्ष आलेख कसा काढावा? आणि वाया जाणाऱ्या अन्नाचा पट्टा त्यात कुठे दाखवावा? आयपीसीसीच्या अहवालात त्याचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या ८ ते १० टक्के दिला आहे.

मृदाकण यांचे उत्तर

नासाडीचा वेगळा पट्टा काढू नये. ते ८ ते १० टक्के बाकीच्या आकड्यांच्या वर ठेवायचे नसतात, त्यांच्या आतच असतात. फेकलेला भात पिकवताना निघालेला मिथेन शेतीच्या पट्ट्यात आधीच मोजलेला आहे. तो पुन्हा नासाडीत दाखवला, तर बेरीज फुगते. कचऱ्याच्या पट्ट्यात फक्त कुजण्यातून निघणारा वायू येतो, आणि तोही मागाहून. कचराभूमीत पुरलेले अन्न उष्ण आणि ओल्या हवामानात निम्मे कुजायला दोनएक वर्षे लागतात, तर थंड आणि कोरड्या हवामानात बारा वर्षांच्या आसपास. त्यामुळे यंदा नासाडी निम्म्यावर आली, तरी कचऱ्याचा पट्टा लगेच उतरणार नाही, हे त्याच्या खाली लिहावे.

आलेख काढताना हद्दीतील उत्सर्जनाचे चार थर एकावर एक ठेवावेत : भूवापर बदल, शेताच्या आतले, शेताबाहेरची साखळी आणि कचरा. भूवापराचा थर सर्वांत वर असावा, कारण तो वर्षागणिक फार हलतो आणि तळाशी ठेवल्यास बाकीच्या सगळ्या थरांना वाकडे करतो. सर्व वर्षे एकाच सादरीकरणातून आणि एकाच गुणांकाने घ्यावीत आणि तो गुणांक कोणता, हे आलेखावरच छापावे. शेजारी दुसऱ्या लहान चौकटीत लोकसंख्या, माणशी अन्न आणि अन्नाच्या टनामागचे उत्सर्जन अशा तीन रेषा १९९० ला १०० मानून द्याव्यात. या तिघांचा गुणाकार म्हणजेच एकूण उत्सर्जन असल्यामुळे एकूण रेषा का चढली किंवा उतरली, हे विद्यार्थी स्वतः शोधू शकतील. माणशी अन्नाची रेषा उतरत असेल, तर ते लोक सावधपणे खातात म्हणून की त्यांना पुरेसे मिळत नाही म्हणून, हा प्रश्न त्यांना तिथेच विचारावा.